मुलाखतीतली देहबोली: खान्देशातल्या उमेदवारांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोरापोरींची मुलाखतीची तयारी करून घेताना जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एका जागी ठेवलेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काहींचं एका ओळीत भागतं.

निकाल ९३ टक्के देहबोलीवर ठरतो, असं आमच्या कॉलेजातल्या कार्यशाळेत सांगितलं. खरं आहे का?

नाही. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांतून आला. त्यात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटोही दाखवले, आणि बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल आवड आहे की नावड, ते ओळखायला सांगितलं. त्यातून शब्द ७, आवाज ३८ आणि चेहरा ५५ टक्के असं गणित निघालं. बोलणं भावनांबद्दल किंवा आवडीनिवडीबद्दल असेल तरच हे लागू पडतं, असं मेहराबियन यांनी नंतर स्वतः सांगितलंय. कार्यशाळा घेणाऱ्यांनी नेमकं तेवढंच गाळलं. खात्री करायची असेल तर आज रात्रीच्या बातम्या आवाज बंद करून बघा, आणि किती टक्के कळल्या ते सांगा.

मग देहबोलीकडे लक्ष द्यायचंच नाही का?

द्यायचं, पण तिचं काम ओळखून. आपलं बोलणं समोरच्यापर्यंत विनाअडथळा पोचावं, एवढंच तिचं काम. उत्तर येत नसेल तर ताठ बसून ते येत नाही. येत असेल तर मात्र पुटपुटण्यामुळे, खाली बघण्यामुळे, फाइलशी चाळा करण्यामुळे ते वाया जाऊ शकतं.

मुलाखत कुठली आहे यावरही बरंच अवलंबून असतं. जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या किंवा पाइपच्या कारखान्यात मालक स्वतः गप्पा मारल्यासारखी मुलाखत घेतो, मनात येईल ते विचारतो. अशा ठिकाणी तुमच्या वागण्याबसण्याचा प्रभाव जास्त पडतो. मोठ्या कंपन्यांत सगळ्यांना तेच प्रश्न विचारून दर उत्तराला गुण देण्याची पद्धत असेल, तर तो प्रभाव कमी होतो. यूपीएससीत एकूण २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे. सरकारी बँकांसाठी आयबीपीएस ही संस्था घेते त्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) भरतीत मुलाखत १०० गुणांची, आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचं वजन ८०:२०. बँकेच्या क्लार्क भरतीत मुलाखतच नाही, आणि केंद्र सरकारच्या गट क व अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद आहेत. तेव्हा आधी जाहिरात नीट वाचा. मुलाखत नसलेल्या पदासाठी देहबोलीच्या क्लासला पैसे भरलेली मुलंही भेटतात.

आमच्याकडे मोठ्यांसमोर नजर खाली ठेवतात. मुलाखतीत डोळ्याला डोळा कसा भिडवायचा?

सगळ्यात जास्त अडचण इथेच येते, म्हणून जरा सविस्तर.

घरात आबा किंवा नाना काही विचारत असताना मान खाली घालून ‘हो’ म्हणायचं, ही आपली रीत. त्यात वाईट काही नाही. लेकीसुनांना तर ती जास्तच शिकवली जाते. पण पुण्याच्या कंपनीत समोर बसलेल्या मॅडमना ही रीत माहीत असेलच असं नाही. त्यांना एवढंच दिसतं की प्रश्न आपण विचारला आणि हा मुलगा उत्तर टेबलाला देतोय.

म्हणून टक लावून बघायचं असंही नाही. एकटक बघणाऱ्याची समोरच्याला भीती वाटते. एवढं करा: ते बोलत असताना, प्रश्न पुरा होईपर्यंत, त्यांच्याकडे बघा. उत्तर आठवताना नजर बाजूला गेली तर जाऊ द्या. अवघड प्रश्नावर विचार करताना माणूस समोरच्या चेहऱ्यावरून नजर काढतो, तेवढाच डोक्यावरचा भार हलका होतो; हे अभ्यासांतही दिसून आलंय. फक्त वाक्य संपवताना नजर परत आणा. शेवटचे चार शब्द फरशीकडे बघून म्हटले की पूर्ण उत्तरही अर्धवट वाटतं. डोळ्यांत बघणं फारच जड जात असेल तर दोन भुवयांच्या मधे बघा. टेबलापलीकडून फरक कळत नाही.

समोर तिघं-चौघं असतील तर ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्यापासून सुरुवात करा, मधे बाकीच्यांकडे बघून घ्या, शेवट पुन्हा विचारणाऱ्यांकडे. आपली मुलं बहुतेक वेळा सगळ्यात वयस्कर सरांकडे बघून सगळी उत्तरं देतात, मग प्रश्न कोपऱ्यातल्या तरुण मॅडमनी विचारलेला का असेना. हे त्या मॅडमच्या लक्षात येतं.

आत शिरल्यावर नमस्कार करायचा की हात मिळवायचा? पाया पडायचं का?

पाया पडू नका. नमस्कार करा, त्यांचा हात पुढे आला तर मिळवा. बाईंनी मिळवायचा की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवावं, नुसता नमस्कार सगळीकडे चालतो. ‘बसा’ म्हटल्यावर बसायचं. कुणीच काही म्हटलं नाही तर क्षणभर थांबून ‘बसू का सर?’ विचारलं की झालं.

खुर्चीत कसं बसू? हात कुठे ठेवू?

पाठ खुर्चीला टेकू द्या. खुर्चीच्या टोकावर बसण्याची आपल्याला सवय असते, साहेबासमोर रेलून बसणं उद्धट वाटतं म्हणून. पण टोकावर बसलं की दहा मिनिटांत पोटऱ्या ताणतात आणि माणूस कधी एकदा उठतो असा दिसायला लागतो. फिरती खुर्ची असेल तर दोन्ही तळवे जमिनीला घट्ट टेकवा, नाहीतर उत्तर देताना नकळत डावी-उजवीकडे झुलणं सुरू होतं. कॉलेजातल्या सरावात मुलं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, म्हणून ही खोड मुलाखतीच्या दिवशीच कळते.

हात मांडीवर किंवा टेबलाच्या कडेवर, दिसतील असे. प्लास्टिकच्या बटणाच्या फाइलीकडे खास लक्ष द्या. ती छातीशी धरून बसलेली मुलं आणि तिचं बटण टक-टक उघडबंद करणारी मुलं दर बॅचला असतात. बसल्याबरोबर ती मांडीवर आडवी ठेवा किंवा विचारून टेबलावर ठेवा. आतली कागदपत्रं मागतील त्या क्रमाने लावलेली असू द्या: बायोडाटा, मग पदवी, बारावी, दहावी. सर्टिफिकेट शोधताना होणारी धांदल ही सुद्धा देहबोलीच. बोटातली अंगठी, ओढणीचं टोक, पेनाचं बटण, सगळ्यांना हाच नियम.

बोलताना हातवारे केले तर चालतं का?

चालतं. उलट जे काम आपण खरंच केलंय त्याबद्दल बोलताना हात आपोआप हलतात आणि ते छान दिसतं. यावलचा एक कृषी पदवीधर सराव मुलाखतीत पहिली पाच मिनिटं पुतळ्यासारखा बसला होता. ‘तुमच्या स्वभावातली बलस्थानं सांगा’ या प्रश्नावर पाठ केलेलं म्हणून दाखवलं, हात मांडीला चिकटलेले. मग विचारलं, ‘घरी केळी आहे ना? ठिबक कसं टाकलंय?’ तर गडी एकदम पुढे सरकला. दोन बोटांत अंतर धरून सोळा मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, दाखवली, टेबलावर रेघ ओढून पाच बाय पाच फुटाची लागवड मांडली, चार लिटरचा ड्रीपर बुंध्यापासून किती लांब ठेवायचा ते तळहाताने मोजलं, फ्लशिंग केलं नाही, म्हणजे नळ्या पाण्याने धुतल्या नाहीत, तर क्षार कुठे साचतात तेही सांगितलं. देहबोलीचा एक धडाही त्याला द्यावा लागला नाही. त्याला सांगितलं ते एवढंच, की स्वभावाच्या प्रश्नालाही याच केळीच्या बागेतलं उदाहरण दे.

देहबोली सुधारण्याचा यापेक्षा खात्रीचा उपाय नाही. आपल्या माहितीतलं, हाताखालून गेलेलं काम उत्तरात आणा, शरीर मागोमाग येतं.

पाय सारखा हलतो.

दोन्ही टाचा जमिनीला दाबा. टेबलाखाली असला तरी वरचं खांद्याचं हलणं दिसतं.

आत जाण्याआधी बाथरूममध्ये दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की आत्मविश्वास वाढतो म्हणे?

ही ‘पॉवर पोज’. २०१० साली डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी निबंध छापला की अशा पवित्र्याने शरीरातली संप्रेरकंसुद्धा बदलतात. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०० जणांवर तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा संप्रेरकांत तसा बदल सापडला नाही. २०१६ मध्ये खुद्द कार्नींनी जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं आपल्याला वाटत नाही. कडी यांचं म्हणणं आहे की निदान मनाला बळ वाटतं. वाटत असेल तर उभं राहायला हरकत नाही, फक्त दाराची कडी लावून. त्यापेक्षा तोंडावर पाणी मारा आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे स्वतःची ओळख, एकदा मोठ्याने म्हणून घ्या.

मे महिन्यात मुलाखत आहे. घामाने शर्ट ओला होतो, तो घाबरल्याचा समजतील का?

जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना घामाचा कुणी अर्थ काढत नाही, समोरचाही घाम पुसतच असतो. तरी पाऊण तास आधी पोचा, पंख्याखाली बसा, पाणी प्या. गळ्यात गमछा असेल तर पिशवीत ठेवा, हातरुमाल वेगळा घ्या. शर्ट फिक्या रंगाचा किंवा पांढरा. निळ्या-करड्या शर्टावर डाग चटकन दिसतो. आणि पुण्याला मुलाखत असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पहाटे उतरून थेट कंपनीच्या गेटवर जाऊ नका. जागरणाने तांबारलेले डोळे कितीही ताठ बसलात तरी लपत नाहीत. आदल्या दिवशी जा, गावाकडचा कुणी ना कुणी मित्र तिथे खोली करून राहतोच.

मी आतून फार घाबरलेला असतो. ते दिसतं का?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. आपल्या मनातली घालमेल समोरच्याला स्पष्ट दिसतेय असा आपला समज असतो, आणि तो फुगलेला असतो हे १९९८ मध्ये गिलोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलं. शिवाय फ्रेशरची मुलाखत घेणाऱ्याला थोडी भीती अपेक्षितच असते. आवाज अडकला तर ‘एक मिनिट सर’ म्हणून पाण्याचा घोट घ्या. कुणी नाही म्हणत नाही.

बोलण्यातला अहिराणी हेल लपवावा का?

नको. हेल लपवायच्या नादात माणूस शब्द तोलत बसतो आणि उत्तर कोमेजतं. धडगाव-अक्कलकुव्याकडून भिली किंवा पावरी बोलत शिकून आलेल्या मुलांनाही हेच सांगणं. ‘मला’च्या जागी ‘माले’ निघालं तर हसून पुढे जा, माफी मागत बसू नका. सांभाळायचं ते वेग आणि आवाज. घाबरलं की आपण भराभर बोलतो आणि वाक्याची शेपटी गिळतो. दर दोन वाक्यांनंतर श्वास घ्या. कारखान्यातल्या केबिनमध्ये कूलर घरघरत असेल तर घरच्यापेक्षा आवाज चढा लागतो. आणि सारखं ‘हो सर, हो सर’ करू नका. प्रश्न पुरा ऐकून एकदाच हो म्हणा.

मुलाखत घेणाऱ्यांनी हाताची घडी घातली, घड्याळ बघितलं, काहीतरी लिहून घेतलं. याचा अर्थ काय?

बहुतेक वेळा काहीच नाही. घडी घालून बसण्याची त्यांची सवय असेल. घड्याळ बघितलं ते बाहेर अजून वीस मुलं बसलीत म्हणून. लिहिलं ते गुण द्यायचे असतात म्हणून. माणूस एरवी कसा बसतो हे माहीत नसताना एका हालचालीवरून त्याचं मन ओळखणं कुणालाच जमत नाही, व्हिडिओवाले काहीही सांगोत. यूपीएससीच्या मंडळासमोर बसलात तर हे आणखी लक्षात ठेवा. निर्विकार चेहऱ्यांकडे बघून ‘गेलं सगळं’ असं मनाशी ठरवणारा पुढच्या प्रश्नात खरंच ढेपाळतो.

वाचण्यासारखं आहे ते वेगळंच: त्यांना अजून ऐकायचंय की पुरे झालंय. ते बोलण्यासाठी तोंड उघडतात, श्वास घेतात, बायोडाट्याचं पान उलटतात किंवा हात किंचित वर करतात, की हातातलं वाक्य संपवा आणि थांबा. पुढे झुकून मान हलवत असतील तर एक तपशील जास्त द्या. कपाळाला आठी पडली तर ती नाराजी की न कळणं, हा अंदाज बांधू नका, सरळ विचारा: ‘एक उदाहरण देऊ का सर?’ कामाच्या मुलाखतीत यापलीकडे वाचण्याची गरज पडत नाही.

एखादे सर मुद्दाम खवचट बोलतात तेव्हा चेहरा कसा ठेवायचा?

दोन सेकंद गप्प राहा. तेवढ्यात जबडा सैल करा, दात आवळले की आवाजही चढतो. ‘तुमचं बरोबर आहे सर, माझं म्हणणं असं...’ एवढं शांतपणे म्हणता आलं की पुरे. कसनुसं हसू नका.

थोडं वाढवून सांगितलं तर देहबोलीवरून पकडतात का?

देहबोलीवरून क्वचितच. २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो यांनी आधीचे कितीतरी अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर निघाली, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी. नाक खाजवलं म्हणजे खोटं, नजर चुकवली म्हणजे खोटं, यात दम नाही. पकडतात ते पुढच्या प्रश्नावर. ठिबकवर प्रोजेक्ट केला असं लिहिलंत आणि लॅटरल किती मिलिमीटरची हे सांगता आलं नाही, तर तिथे चेहरा वाचायची गरजच काय?

याची दुसरी बाजू अशी की तुम्ही खरं बोलत असूनही चुळबुळीमुळे खोटे वाटू शकता. म्हणून जिथे शक्य आहे तिथे जागा, महिना, आकडा सांगा.

मुलींना लग्नाबद्दल विचारतात तेव्हा काय करायचं?

‘लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का?’ हा प्रश्न मुलांना कुणी विचारत नाही, तेव्हा तो अन्यायाचाच आहे. पण समोर आलाच तर ओढणी सावरत खाली बघून ‘घरचे म्हणतील तसं’ हे उत्तर देऊ नका. सरळ बघून, छोटं: ‘मला काम करायचंय, आणि जळगावातच किंवा पुण्याला राहायची तयारी आहे.’ पुढे बोलायचं नाही. शांतता पडली तर पडू द्या, ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही. कपड्यांचं म्हणाल तर ज्यात उठताबसताना सावरावं लागत नाही ते घाला. एरवी साडी नेसत नसाल तर त्या दिवशी नवीन साडी नको.

बाबा किंवा मामा सोबत येतो म्हणतात.

येऊ द्या, पण गेटबाहेरच्या टपरीपर्यंत. रिसेप्शनवर ‘पोराचं बघा जरा साहेब’ म्हणणारे मामा पोराच्या ताठ बसण्यावर पाणी फिरवतात. वॉचमन आणि रिसेप्शनवरच्या ताईंशी नीट बोला. छोट्या कारखान्यात मालक संध्याकाळी त्यांना विचारतो, ‘तो सकाळचा पोरगा कसा वाटला?’ थांबायच्या खोलीत मोबाइलवर रील बघत लोळू नका, काचेतून दिसतं.

ऑनलाइन मुलाखतीत काय बदलतं?

कॅमेऱ्याची उंची. मांडीवरच्या मोबाइलमधून समोरच्याला तुमची हनुवटी आणि घराचे पत्रे दिसतात. पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल आडवा ठेवा, भिंग डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. उजेड समोरून, खिडकी पाठीमागे नको. बोलताना भिंगाकडे बघा, ऐकताना पडद्याकडे. आवाज उशिरा पोचतो, तेव्हा प्रश्न संपल्यावर एक क्षण थांबून बोला, नाहीतर दोघं एकदम बोलतात. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून ठेवा, गल्लीत लग्नाचा डीजे असेल तर कॉलेजची लॅब मागा.

संगणक चेहरा वाचून गुण देतो का, असंही विचारतात. रेकॉर्ड केलेल्या मुलाखती तपासणाऱ्या हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने चेहऱ्याच्या हालचालींचं विश्लेषण बंद केल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. तिथेही भर उत्तरांच्या शब्दांवरच.

माझं बोलणं अडखळतं / हात थरथरतो / एक डोळा तिरळा आहे. गैरसमज होईल का?

सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाका: ‘सर, मी कधीकधी अडखळतो, थोडा वेळ द्यावा लागेल.’ लपवायला जी ताकद लागते ती वाचते, आणि समोरच्याचं कुतूहलही तिथेच संपतं. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारांना मान्यता देतो आणि वाचा-भाषेतली अक्षमता त्यात आहे. प्रमाणपत्र असेल तर अर्जातच नोंदवा.

सराव कसा करायचा? आरशासमोर?

आरशात माणूस स्वतःकडेच बघत राहतो. मित्राला समोर बसवा, मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. मग दोनदा बघा: एकदा आवाज बंद करून, फक्त हालचाली, एकदा मोबाइल पालथा ठेवून, फक्त आवाज. एका वेळी एकच खोड पकडा. या आठवड्यात वाक्याची शेपटी, पुढच्या आठवड्यात फाइल. सगळं एकदम सुधारायला गेलं की माणूस लाकडी होतो. मुलाखतीचे कपडे आणि बूट घालूनच सराव करा, नवीन बूट चावतात ते चालण्यात दिसतं.

मुलाखत संपली हे कसं ओळखायचं, आणि उठताना काय म्हणायचं?

‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ हा प्रश्न आला की शेवट जवळ आला. एक प्रश्न तयार ठेवा: रुजू झाल्यावर पहिले तीन महिने काम काय असेल, शिफ्ट कशा असतात, असा. निकाल कधी कळेल हेही इथेच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘कळवू’ म्हणाले तर त्या शब्दाचा सूर, हसणं, मान हलवणं यांचा कीस पाडत घरी जाऊ नका. निवडलेल्यांनाही ‘कळवू’च म्हणतात. आधी फाइल उचला, मग उठा, ‘धन्यवाद सर, धन्यवाद मॅडम’ म्हणा आणि खुर्ची मागे सरकवली असेल तर जागेवर लावा. दार आधी बंद होतं की उघडं, ते आत येतानाच बघून ठेवायचं, जाताना तसंच ठेवायचं.